दमट हवेच्या घरात मिनिएचर आणि रंगसाहित्य कसे ठेवावे?

शिसपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांची मिनिएचर, म्हणजे छोटे सैनिक, आणि त्यांच्या रंगकामाचे साहित्य घरात कसे ठेवावे, यावर मराठीत सविस्तर चर्चा माझ्या पाहण्यात आली नाही, म्हणून हा धागा काढत आहे. इंग्रजीत सल्ल्यांची कमतरता नाही, परंतु त्यांतील बहुतेक सल्ले थंड देशांतील हीटर लावलेल्या खोल्या गृहीत धरून दिलेले असतात. तेथे अडचण जागेची आणि धुळीची. आमच्या ठाण्यात खाडीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर आठवड्याभरात बुरशी धरते, तेव्हा ते सल्ले जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

माझ्याकडील ऐवज असा आहे. इंग्रज आणि मराठे यांच्यातील असईच्या लढाईसाठी (२३ सप्टेंबर १८०३) २८ मिमी मापाचे सैन्य जमवणे चालू आहे. त्यातील शिंद्यांचे कवायती पायदळ प्लास्टिकचे, घोडदळ व्हाइट मेटल या मिश्रधातूचे आणि तोफा थ्रीडी प्रिंट केलेल्या आहेत. त्याखेरीज वॉरहॅमर ४०,००० या काल्पनिक युद्धखेळाचे थोडे सैन्य आहे, ज्याचे बेस, म्हणजे सैनिकाखालच्या बैठका, ३२ आणि ४० मिमीचे आहेत. रंगांच्या बाटल्या, ब्रश, गोंद, प्रायमरचे (रंगाआधीच्या थराचे) स्प्रे आणि अजून न उघडलेली खोकी वेगळीच. जागा म्हणाल तर झोपायच्या खोलीतील कपाटाचे दोन कप्पे आणि स्वयंपाकघरावरचा माळा, एवढीच. फोमचे ट्रे घ्यावेत, चुंबकाची पद्धत धरावी, की काचेचे शोकेस करून घ्यावे, याचा निर्णय होत नाही. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

लोखंडी_तळ

चुंबकाची पद्धत धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक बेसच्या खाली निओडिमियमचा छोटा चुंबक चिकटवायचा आणि डब्याच्या तळाशी पत्रा ठेवायचा, एवढीच तिची मांडणी. पत्र्याला दोन्ही ध्रुव सारखेच चिकटत असल्यामुळे चुंबक सुलटा बसला की उलटा, याची चिंता राहत नाही. प्लास्टिकच्या पायदळाला ५ मिमी व्यासाचा आणि १ किंवा २ मिमी जाडीचा एक चुंबक पुरतो. व्हाइट मेटलच्या घोडेस्वाराला मात्र दोन लावावेत, कारण त्याचे सगळे वजन वर असते आणि धक्का बसला की एकच चुंबक असलेला बेस त्या चुंबकाभोवती गिरकी घेतो. चुंबक बेसच्या कडेपेक्षा किंचित आत राहील असा बसवावा. तो बाहेर डोकावला, तर सैनिक टेबलावर डगमगतो. चिकटवण्यासाठी सुपरग्लूपेक्षा दोन भागांचे इपॉक्सी बरे, कारण सुपरग्लूचा जोड ताण सहन करतो, परंतु कडेने बसणाऱ्या झटक्याला लवकर सुटतो.

डबा निवडताना आपल्याकडे एक गंमत होते. घरातील स्टीलचा फराळाचा डबा डोळ्यांसमोर असतो आणि तो उत्तम चालेल असे वाटते, परंतु चांगल्या प्रतीच्या ३०४ स्टीलला चुंबक जवळजवळ धरतच नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचा एखादा चुंबक खिशात टाकावा आणि डब्याला लावून पाहावा. जुन्या पद्धतीची पत्र्याची ट्रंक किंवा बिस्किटांचा रंगीत पत्र्याचा डबा मात्र निःशंक चालतो. पारदर्शक प्लास्टिकचा डबाच हवा असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून २६ गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा मापाने कापून आणावा, त्याच्या कडा कानशीने घासून त्यांवर टेप लावावी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने तो तळाशी बसवावा.

किती मावतील, याचा हिशोब कागदावर करून मगच खरेदी करावी. ए४ आकाराच्या तळात २५ मिमीचे गोल बेस ५ मिमी अंतर सोडून मांडले, तर सात गुणिले नऊ म्हणजे ६३ पायदळ बसते. २५ गुणिले ५० मिमीच्या आयताकृती बेसवरील घोडेस्वार ३५ बसतात. संगिनी पुढे रोखलेल्या असतील, तर हा आकडा एक चतुर्थांशाने तरी कमी धरावा. उंचीही मोजावी. २८ मिमी हे माप साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंतचे असते, त्यामुळे निशाण धरलेला सैनिक सहज ७०-८० मिमीपर्यंत जातो.

एक सूचना गांभीर्याने घ्यावी. घरात लहान मूल असेल, तर सुटे चुंबक कुलपात ठेवावेत. एकाहून अधिक चुंबक पोटात गेले, तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि बहुधा शस्त्रक्रियेची वेळ येते.

दोनप्रहर

चुंबकाचे कौतुक मान्य आहे, परंतु लोकलने खेळायला जाणाऱ्यांनी काय करावे? सायंकाळच्या गर्दीत पिशवी आडवी होते, उलटी होते, कोणीतरी तिच्यावर टेकतो. अशा वेळी प्रत्येक सैनिकाला स्वतंत्र खाच असलेला फोमच खरा. माझे संपूर्ण सैन्य फोममध्ये आहे आणि आजवर एक भालाही वाकलेला नाही.

आर्द्रता_ऐंशी

दोनप्रहर यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु प्रवासासाठीचा फोम आणि कायमच्या साठवणीचा फोम या दोन गोष्टींत फरक करायला हवा. मऊ राखाडी फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्यातील एस्टर जातीच्या फोमची साखळी हवेतील पाण्यामुळे तुटत जाते. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात आणि ते आर्द्रता व उष्णता या दोहोंनी वेग घेते, म्हणजे कोकणपट्टीत त्याला दोन्ही गोष्टी आयत्या मिळतात. आरंभी फोम दाबला असता उशिरा वर येतो, मग किंचित चिकट लागतो आणि शेवटी बोट लावताच त्याचा पिवळसर चुरा होतो. माळ्यावर काही वर्षे राहिलेल्या माझ्या एका पेटीतील घोडेस्वारांच्या लगामांत आणि घोड्यांच्या पायांमध्ये हा चुरा असा काही बसला होता, की ब्रशने झटकला तर तो अधिकच माखला जात होता. शेवटी टाचणीच्या टोकाने एकेक कण उचलावा लागला आणि काही ठिकाणी त्याबरोबर रंगही निघाला. इथर जातीचा फोम पाण्याला अधिक टिकतो, परंतु तो प्रकाशाने आणि हवेतील प्राणवायूने खराब होतो. दीर्घकाळासाठी फोमच हवा असेल, तर पॉलिइथिलिनचा घ्यावा. तो थोडा कडक असतो, पाणी शोषत नाही आणि पॅकिंग साहित्याच्या दुकानांत मिळतो.

माझे सांगणे असे, की डबा निवडण्यापूर्वी मिनिएचर कशाचे आहे ते पाहावे आणि डब्यात त्याच्या शेजारी आणखी काय काय बंद होणार आहे तेही पाहावे. कडक प्लास्टिकची मिनिएचर पॉलिस्टायरिनची असतात. आपण कपाटात सवयीने डांबरगोळ्या टाकतो, आणि त्यांची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करू शकते. साड्यांच्या कप्प्याला लागून शिंद्यांचे पायदळ ठेवणार असाल, तर त्या गोळ्या तेथून हलवाव्यात. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांचेही तसेच आहे: पीव्हीसी मऊ राहावे म्हणून घातलेले द्रव्य कालांतराने बाहेर झिरपते आणि स्पर्श झालेल्या रंगाला किंवा प्लास्टिकला चिकट करते. पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिइथिलिन ही त्या मानाने निरुपद्रवी प्लास्टिके होत. डब्याच्या तळावरील त्रिकोणात ५ हा अंक असेल, तर ते पॉलिप्रोपिलिन असते.

थ्रीडी प्रिंटबद्दलही थोडे. तोफा पीएलए या प्लास्टिकच्या असतील, तर ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात हे तापमान येणे अवघड नाही आणि तोफेची नळी तेथे हमखास मान टाकते. रेझिनच्या प्रिंट उष्णतेला टिकल्या, तरी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्या पिवळ्या आणि ठिसूळ होत जातात. स्वयंपाकघरावरचा माळा दोन्हींसाठी नको. वर स्लॅबची उष्णता आणि खालून कुकरची वाफ, अशी ती जागा आहे.

गोदाकाठ

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. माझ्या काकांनी परदेशातून आणलेले जुने शिशाचे सैनिक आमच्याकडे प्लायवूडच्या पेटीत आहेत. काहींच्या पायांशी पांढरी भुकटी दिसू लागली आहे. ही बुरशी समजावी काय?

आर्द्रता_ऐंशी

गोदाकाठ, ती बहुधा बुरशी नसावी. शिशावर सेंद्रिय आम्लांची वाफ आली, की त्याचे हळूहळू शिशाच्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि ती पांढरी भुकटी वर येते. संग्रहालयांना ही व्याधी चांगली परिचित आहे. आम्लांचा उगम बहुतेक वेळा पेटीतच असतो: प्लायवूड, एमडीएफ, ओकसारखी काही लाकडे आणि स्वस्त पुठ्ठा यांतून ॲसिटिक व फॉर्मिक आम्ल सतत बाहेर पडत असते, आणि पेटी जितकी घट्ट बंद तितके ते आत साठते. ज्या सिलिकॉन सीलंटला शिरक्यासारखा वास येतो, तेही हेच ॲसिटिक आम्ल सोडते. म्हणून नवीन काचेच्या शोकेसचे सांधे भरताना न्यूट्रल प्रकारचे सीलंट मागावे.

इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे सैनिक बाजारात आणले आणि पुढे कित्येक दशके खेळण्यातले सैनिक म्हणजे शिशाचेच, अशी स्थिती होती. काकांचा संच त्या परंपरेतील असेल, तर तो जपण्यासारखा आहे. सैनिक प्लायवूडच्या पेटीतून ताबडतोब काढून पत्र्याच्या किंवा पॉलिप्रोपिलिनच्या डब्यात ठेवावेत, भुकटी आलेले सैनिक वेगळे करावेत आणि ती भुकटी फुंकरू वा झटकू नये, कारण ती विषारी आहे. हातमोजे घालून ओलसर कापसाने टिपून घ्यावी, कापूस लगेच टाकून द्यावा आणि सैनिक पूर्ण कोरडा करूनच आत ठेवावा. हे काम जेवणाच्या टेबलावर करू नये. आजचे व्हाइट मेटल प्रामुख्याने कथलाचे असते आणि त्याला हा त्रास सहसा होत नाही, परंतु काही मिश्रणांत अजूनही शिसे असते, एवढे लक्षात असू द्यावे.

गोदाकाठ

अत्यंत आभारी आहे. पेटी आजच रिकामी करतो. मुलांच्या हाती ते सैनिक आता देणार नाही.

ओलाकुंचला

सैन्याची व्यवस्था झाली. आता साहित्याकडे वळूया, कारण पैसा तेथेच अधिक वाया जातो.

रंगांच्या बाबतीत बाटलीचा प्रकार निर्णायक ठरतो. वायेहो कंपनीच्या १७-१८ मिलिलिटरच्या ड्रॉपर बाटलीत हवा कमी शिरते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. सिटाडेल रंगांच्या झाकण उघडणाऱ्या डबीत मात्र झाकणाच्या ओठावर रंगाचा थर वाळतो, त्यामुळे झाकण पूर्ण बसत नाही आणि उरलेला रंग आतल्या आत घट्ट होत जातो. अशा डब्यांचा ओठ प्रत्येक बैठकीच्या शेवटी ओल्या फडक्याने पुसावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. बाटलीत रंग ढवळण्यासाठी गोळी टाकणार असाल, तर ती काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. सायकलच्या बेअरिंगमधली साधी गोळी गंजते आणि पांढऱ्या रंगाला तांबूस छटा देते.

बहुतेक जण बाटल्या इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावतात. छायाचित्रात ते सुंदर दिसते, परंतु मला ते सोयीचे वाटत नाही. मी रंग सैन्यानुसार ठेवते. असईच्या सैन्याचा लाल, पट्ट्यांचा पांढरा, कातडीचे तीन रंग आणि बंदुकीच्या दस्त्याचा तपकिरी, असे सगळे एका ट्रेमध्ये, आणि त्याच ट्रेमध्ये कोणत्या थरावर कोणता रंग द्यायचा याची पुठ्ठ्यावर लिहिलेली चिठ्ठी असते. मधे सहा महिने खंड पडला, तरी नवी तुकडी जुन्या तुकडीशी जुळते. दोन सैन्यांना लागणारा एखादा रंग दोनदा विकत घ्यावा लागतो, ही त्या सोयीची किंमत आहे आणि मी ती आनंदाने मोजते.

सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात उघडी नळी लवकर दगड बनते. न उघडलेल्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. उघडलेली नळी घट्ट झाकणाच्या बरणीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवावी. फ्रिजमधून काढलेली नळी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड तोंडावर बाष्प धरते आणि सगळा खटाटोप वाया जातो. ग्रीन स्टफ ही दुरंगी पुटी निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या अशी मिळते. मधल्या रेषेवर ती आपोआप कडक होत असते, म्हणून आणल्याबरोबर मधली अरुंद पट्टी कापून टाकावी आणि दोन्ही रंग वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. अर्थात फ्रिजमध्ये या सगळ्याचा डबा स्वतंत्र असावा आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव असावे. आमच्याकडे सासूबाईंनी ती पुटी एकदा कणकेच्या रंगीत गोळ्यांसारखी समजून विचारणा केली होती.

कोलिन्स्की सेबलचे ब्रश खऱ्या केसांचे असतात आणि कसर त्यांना खाते. ते पूर्ण वाळल्यावर झाकणाच्या नळीत ठेवावेत. ओले असताना बंद केले, तर बुरशी धरते. प्रायमरचे स्प्रे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल या ज्वालाग्राही वस्तू आहेत. त्यांना गॅसच्या शेगडीजवळ, देवघरातील निरांजनाच्या वर किंवा उन्हाच्या गॅलरीत जागा देऊ नये. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. मॅट व्हार्निश भर पावसाळ्यात स्प्रेने मारू नये, त्यावर पांढुरके धुके चढते. अर्धवट वाळलेल्या व्हार्निशचा सैनिक डब्यात गेला, तर तो फोमला कायमचा चिकटतो. फोमला दोष देणाऱ्यांपैकी काहींची अडचण खरी तर हीच असते.

ट्रेंटकाठचा

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहतो, म्हणजे वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या मुख्यालयाच्या गावाजवळ, आणि येथील मंडळींची ख्याती न उघडलेल्या खोक्यांच्या ढिगाबद्दल आहे. त्या ढिगाबद्दल येथे कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. नव्या संचाच्या खोक्यात निम्म्याहून अधिक हवा असते. खोके उघडावे, स्प्रू म्हणजे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, बाहेर काढाव्यात आणि कार्यालयात फायली उभ्या ठेवण्यासाठी वापरतात त्या मॅगझिन होल्डरमध्ये उभ्या लावाव्यात. एका होल्डरमध्ये एक तुकडी, बाहेर नाव, आत जोडणीची पत्रिका. पाण्याने चिकटवायचे डिकल, म्हणजे चिन्हांचे पातळ स्टिकर, मात्र त्यांच्याबरोबर ठेवू नयेत. त्यांना ओलावा लागला, की ते आधीच्या कागदावरूनच सुटू लागतात. ते झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह सपाट ठेवावेत.

काचेच्या शोकेसविषयी माझे मत प्रतिकूल नाही, परंतु ते खिडकीसमोर नसावे आणि दिवे एलईडीचेच असावेत. दार आणि चौकट यांमधील फटीला दारे-खिडक्यांसाठी मिळणारी पट्टी लावली, तर धूळ पुष्कळ कमी होते.

शिसपेन्सिल (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माळ्याचा बेत रद्द केला आहे. आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात पत्रा बसवलेले डबे आणि खालच्या कप्प्यात रंगसाहित्य, असा विचार आहे. परंतु सैन्य डब्यांत कसे विभागावे? सध्या पायदळ एकीकडे, घोडदळ एकीकडे, असे आहे. आणि सिलिका जेल किती दिवसांनी बदलावे?

लोखंडी_तळ

विभागणी लढाईतील रचनेप्रमाणे करावी. असईत शिंद्यांच्या बाजूला पोलमन, बेगम समरू आणि दुपों यांचे कवायती दल होते. त्यांना प्रत्येकी एक डबा द्यावा आणि त्या त्या दलाच्या तोफा त्याच डब्यात ठेवाव्यात. समोरच्या इंग्रज बाजूची ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण एकत्र, मद्रासचे शिपाई स्वतंत्र, आणि १९ वे लाइट ड्रॅगून्स मद्रासच्या रिसाल्यासह. टेबलावर मांडताना डबा उचलला, की दल उभे राहते, आणि खेळ संपल्यावर कोण हरवले हे लगेच कळते. झाकणाच्या आतील बाजूस भरलेल्या डब्याचे वरून काढलेले छायाचित्र चिकटवून ठेवावे. परत भरताना फार उपयोग होतो.

दोनप्रहर

थोडे विषयांतर, तरी सांगतो: दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आमच्याकडे अजूनही वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात आणि पुढच्या वर्षी निम्म्यांचे नाक गेलेले असते. यंदा त्यांनाही स्वतंत्र कप्प्यांचा डबा देण्याचा विचार आहे. मातीला चुंबक कसा लावावा, यावर लोखंडी_तळ यांनी प्रकाश टाकावा.

लोखंडी_तळ

मातीच्या मावळ्याला चुंबक लावू नका, ओढताना चुंबकाबरोबर पायच हाती येतील. पॉलिइथिलिनच्या फोममध्ये खाचा कापून त्यांना आडवे ठेवा. येथे फोमच्या बाजूने मत देत आहे, याची दोनप्रहर यांनी नोंद घ्यावी.

आर्द्रता_ऐंशी

सिलिका जेलला दिवसांचा नियम लावता येत नाही, ते डबा किती वेळा उघडला जातो त्यावर आहे. रंग बदलणारे मणी घ्यावेत. निळे मणी ओलावा शोषल्यावर गुलाबी होतात, परंतु त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला बरे नाही, म्हणून नारंगी मणी मागावेत. ते भरले, की हिरवट होतात. असे मणी ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवले, की पुन्हा कोरडे होतात. खाण्याचा ओव्हन यासाठी वापरू नये. जुना टोस्टर-ओव्हन मिळाला तर उत्तम. डबा घट्ट बंद होणारा नसेल, तर मात्र सिलिका जेल टाकून उपयोग नाही, ते सगळ्या खोलीचा ओलावा शोषत बसते.

शिसपेन्सिल (धागाकर्ता)

झाकणाला रबराची पट्टी असलेले डबे पाहून ठेवले आहेत आणि फ्रिजवरचा चुंबक खिशात आहे. डांबरगोळ्या हलवण्याबाबत घरात बोलणी चालू आहेत. त्या बाजूने अद्याप होकार आलेला नाही, त्यामुळे शिंद्यांचे पायदळ तूर्त पुस्तकांच्या कपाटात मुक्कामाला आहे.